गरीब रंगभूमी, बादलदा आणि आमची मागाची शेड

विंगेतून_बोलतोय (धागाकर्ता):
नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते एकदाचं लिहून टाकतो, लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

आमचा सोलापुरात एक छोटा हौशी ग्रुप आहे. नाव देत नाही, कारण निम्म्या मेंबरांना हा धागा काढलेलाच आवडणार नाही. दरवर्षी राज्य नाट्य स्पर्धेला एक दोन अंकी, मधे जमलं तर एकांकिका, असा आमचा संसार. स्पर्धा म्हटली की सेट आला, सेट म्हटला की टेम्पो आला, लाइटवाला, मेकअपवाला, भाड्याचे कपडे, हुतात्मा स्मृती मंदिरात एक प्रयोग, आणि मग ते सगळं प्लायवूड कुणाच्या तरी गच्चीवर पावसात कुजत पडणार. जे काही पैसे जमतात त्यातले बहुतेक तिथेच जातात. यंदा ग्रुपमधल्या एकाच्या काकांची अशोक चौकाच्या पलीकडची यंत्रमागाची शेड मोकळी पडलीय. माग विकून झालेत, नुसती पत्र्याची लांबुळकी जागा उरलीय, भिंतींवर तेलाचे डाग तसेच आहेत. काका म्हणाले वापरा, फक्त विजेचं बिल तुमचं.

माझ्या मनात बंगाली नाटककार बादल सरकारांचं ‘मिछिल’ आहे. 1974 चं नाटक, मराठीत अमोल पालेकरांनी ‘जुलूस’ म्हणून केलं होतं. त्यात स्टेजच नाही. प्रेक्षक बसतात त्यांच्या मधून वाटा ठेवायच्या आणि त्या वाटांमधून मोर्चे, मिरवणुका, अंत्ययात्रा, काय काय जात राहतं. सुरुवातीलाच अंधारात एक किंकाळी, खोका नावाचा पोरगा मारला गेलाय, आणि पोलिस येऊन सांगतो की इथे काही झालेलं नाही, घरी जा. हे समोर बसून बघणं वेगळं आणि तुमच्या गुडघ्याला घासून कुणीतरी पळत गेलं की वेगळं.

याच नादात मागचं वाचायला लागलो आणि ग्रोटोवस्कीपाशी जाऊन पोचलो. पोलंडचा नाट्यदिग्दर्शक. 1959 ला ओपोले नावाच्या आडगावात ‘तेरा रांगांचं थिएटर’ नावाची एवढीशी जागा हातात घेतली, 1965 ला व्रोत्स्वाफला गेला, 1968 ला ‘गरीब रंगभूमी’चं पुस्तक आलं. त्याचा हिशोब साधा आहे. मेकअप काढून टाका, नाटक राहतं का? राहतं. सेट काढा, राहतं. लाइटच्या करामती काढा, रेकॉर्ड केलेलं म्युझिक काढा, तरी राहतं. नट आणि बघणारा यांच्यातला जिवंत व्यवहार काढला की मात्र काहीच उरत नाही. मग जे नसलं तरी चालतं त्यावर आपण सगळा पैसा आणि जीव का घालवतो? सिनेमाशी श्रीमंतीत बरोबरी होणारच नाही, तर त्या शर्यतीत उतरायचंच कशाला, असंही तो म्हणतो.

आणि दरवेळी प्रेक्षकाला कुठे बसवायचं हे तो नव्याने ठरवायचा. ‘कॉर्डियन’ला अख्खी खोली वेड्यांच्या हॉस्पिटलची, लोखंडी पलंग मांडलेले, प्रेक्षक त्या पलंगांवरच. ‘फाउस्ट’ला लांब टेबलं, प्रेक्षक म्हणजे जेवायला आलेले पाहुणे. ‘कॉन्स्टंट प्रिन्स’ला चारी बाजूंनी उंच फळ्यांची भिंत आणि तुम्ही वरून वाकून आत बघायचं, आत एका माणसाचे हाल चाललेत आणि तुम्ही चोरून बघताय. मला यातलं हे सगळ्यात जास्त भिडलं. व्यायाम, किंचाळणं, अंग वाकडं करणं हे नंतर. आधी बघणारा कुठे बसलाय ते ठरवा.

तर विचारायचं असं की हे सोलापुरात चालेल का? कुणी असं काही केलंय का? ग्रुपमधे दोन तट पडलेत. बोला.

कडक_भाकरी:
पहिला मी. शेडमधे एप्रिल-मेमधे ठेवू नका प्रयोग, एवढंच सांगतो. पत्र्याखाली प्रेक्षकच कॉन्स्टंट प्रिन्स होईल.

सात_रस्ता:
खिक्. बाकी विषय भारी आहे, वाचालोय.

तिसरी_घंटा:
धागाकर्ते, तुमचा उत्साह आवडला, पण थोडं थंड पाणी टाकतो. मी ह्या गावात हौशी नाटक बरीच वर्षं बघतोय, केलंयही. दर काही वर्षांनी एक बॅच अशी येते. पुण्यात कुठलंतरी वर्कशॉप करून येतात, काळे टी-शर्ट घालतात, जमिनीवर लोळतात आणि प्रेक्षकाला कळलं नाही की प्रेक्षक अडाणी. आपल्याकडचा माणूस नाटकाला येतो ते गोष्ट बघायला आणि नट बघायला. त्याला संगीत नाटकाची सवय, त्याला टाळी घेणारं वाक्य लागतं, यात वाईट काय आहे?

दुसरं म्हणजे स्पर्धेला इतकी नावं ठेवू नका हो. 1954 पासून ही स्पर्धा चालू आहे, ती नसती तर सोलापूर, सांगली, अकोला, कुठेच हौशी नाटक उरलं नसतं. तारीख पडली म्हणून तरी तालीम होते. तुमच्या त्या शेडला तारीख कोण देणार? पोरं दोन महिने येतील आणि मग कुणाची परीक्षा, कुणाचं लग्न.

आणि ‘गरीब’ काय हो, आम्ही कायमचेच गरीब आहोत. उसने कपडे, उसना सेट. त्याचं तत्त्वज्ञान करायचं डोक्यात नाही आलं एवढंच.

विंगेतून_बोलतोय (धागाकर्ता):
काका, टाळीच्या वाक्याला माझा विरोध नाही. आणि लोळणार कुणी नाही, फरशी बघितली नाहीत तुम्ही अजून. पण तुम्ही शेवटी जे लिहिलंत ना, तेच माझं म्हणणं आहे. आपल्याकडे पैसा नाही, तरी आपण पैसेवाल्या नाटकासारखं दिसायची धडपड करतो. दिवाणखाना दाखवायचा म्हणून जुना सोफा, मागे रंगवलेली खिडकी, खिडकीबाहेर हिरवा बल्ब. कुणालाही ते खरं वाटत नाही, तरी दरवर्षी सोफा येतोच.

ओंकारेश्वर_पूल:
पुण्याहून, पण माहेर सोलापूरचं, नवी पेठ. नाट्यशास्त्र शिकलेय म्हणून थोडी भर आणि थोडी टोचणी.

ग्रोटोवस्की वाचताना एक गोष्ट लोक विसरतात. पोलंडमधे तेव्हा कम्युनिस्ट राजवट होती आणि नाटक कंपन्या सरकारी पैशावर चालायच्या. त्याच्या नटांना पगार होता. कमी असेल, ओपोलेत तर कंपनी बंद पडते की काय अशी वेळही आली होती, पण दिवसभर तालीम करणं हेच त्यांचं काम होतं. रिशार्द चेश्लाक हा त्याचा मुख्य नट, ‘कॉन्स्टंट प्रिन्स’साठी ग्रोटोवस्की कित्येक महिने त्याच्या एकट्याबरोबर बंद खोलीत काम करत होता. ‘अक्रोपोलिस’मधे नटांनी चेहऱ्याच्या स्नायूंचेच मुखवटे केले, पूर्ण प्रयोगभर चेहरा एकाच मुद्रेत धरून ठेवायचा. ऑशविट्झच्या छळछावणीतली माणसं आहेत ती, अंगावर पोत्यासारखे कपडे, पायात जड लाकडी बूट, आणि ती नाटकभर लोखंडी पाइप जोडत राहतात, प्रेक्षकांच्या डोक्यावर शेवटी तो सांगाडा उभा राहतो. हे आठवड्यातून तीनदा रात्री आठ ते दहा तालीम करून होत नाही. बँकेत दिवसभर कॅश मोजून आलेला माणूस संध्याकाळी शेडमधे ते अंग कुठून आणणार?

म्हणून मला वाटतं तुमचा खरा माणूस बादल सरकारच आहे. बादलदा स्वतः इंजिनिअर, टाउन प्लॅनर, नोकरी करणारा माणूस. 1967 ला ‘शताब्दी’ ही नाट्यसंस्था काढली ती आधी नेहमीच्या स्टेजवरची नाटकं करायला, सत्तरच्या दशकात स्टेज सोडून दिलं. त्यांची ‘तिसरी रंगभूमी’ म्हणजे गावची लोककला एक, शहराची विलायती वळणाची स्टेजवरची दुसरी, आणि या दोन्हींकडून घेऊन उभी केलेली तिसरी. कलकत्त्याच्या कर्झन पार्कात उघड्यावर प्रयोग, सुंदरबनातल्या खेड्यांत प्रयोग. ‘भोमा’ त्या सुंदरबनातूनच आलंय. त्यांचे नटही नोकऱ्या सांभाळून येणारे. तिकिटाच्या ऐवजी प्रयोगानंतर चादर फिरवायची, ज्याला जे वाटेल ते त्याने टाकावं. सेट नसण्याचं कारणही तिथे रोकडं आहे, लोकलच्या डब्यात बसून जाता आलं पाहिजे.

आणि ग्रोटोवस्कीने स्वतः ‘अपोकॅलिप्सिस’नंतर नवीन नाटकच बसवलं नाही, प्रेक्षक ही गोष्टच त्याला नकोशी झाली. तो रस्ता शेवटी नाटकाबाहेर गेला. बादलदा 2011 ला गेले, मरेपर्यंत त्यांना प्रेक्षक हवाच होता.

सात_रस्ता:
बाप रे. सेव्ह करून ठेवला हा प्रतिसाद.

पूर्वभाग:
मी नाटकवाला नाही. साखर पेठेत राहतो, घरात तेलुगू, बाहेर मराठी, आमचे नाना चादरीच्या मागावर होते आणि आई अजूनही विडी वळते. हा धागा एका मित्राने पाठवला.

वरच्या ताईंनी लिहिलं की दमलेला माणूस अंग कुठून आणणार. मला एक सांगावंसं वाटलं. मागावर उभा राहणारा माणूस दिवसभर अंगानेच काम करत असतो. दोन माग, चार माग एकट्याने सांभाळायचे, धागा तुटला की आवाजातला फरक कानाला कळतो, मान न वळवता हात तिथे जातो. आमची आई टीव्हीवर सिरीयल बघत विडी वळते, पानाकडे बघतसुद्धा नाही, कात्री पण डोळे मिटून चालेल. ते पोलंडचे नट इतके महिने घालवून जे शिकत होते त्यातलं काहीतरी इथे आधीच आहे असं मला तरी वाटतं. तुमच्या ग्रुपमधे बँकवाले, मास्तर, कॉलेजची पोरं असतील. मागवाला किंवा विडीवाली एक तरी आहे का?

आणि ज्या शेडमधे तुम्ही नाटक करणार तिथे जे लोक आधी काम करायचे ते आता कुठे आहेत, कुणी चौकशी केली का? रागावू नका, पण बंद पडलेली शेड तुम्हाला छान जागा दिसते. आम्हाला ती दुसरंच काहीतरी दिसते.

तिसरी_घंटा:
वा. ह्याला म्हणतात प्रतिसाद.

विंगेतून_बोलतोय (धागाकर्ता):
पूर्वभाग, रागावण्याचा प्रश्नच नाही. नाही, ग्रुपमधे कुणीही नाही. काकांकडे चौकशी करतो, त्यांच्याकडे कामाला असलेले दोघं-तिघं अजून त्याच गल्लीत राहतात एवढं ऐकून आहे. तुम्ही येणार का एकदा शेडवर?

गड्ड्याचा_पाळणा:
मंडळी तुम्ही पोलंड कलकत्ता फिरून आलात, आपल्या दारातलं कुणी बघणार आहे का? जानेवारीत सिद्धरामेश्वरांच्या यात्रेला या. 12 तारखेला सात नंदीध्वज निघतात, 68 लिंगांना तैलाभिषेक, 13 ला संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा, 14 ला होम. पांढरी बाराबंदी घातलेली माणसं ते एवढाले उंच काठ्यांचे नंदीध्वज कमरेला पट्टा बांधून पेलत अख्खं गाव फिरतात, तोल सांभाळत, आणि त्याचा सराव आधीपासून चालू असतो. सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न लागतं आणि लाखो लोक एका वेळी अक्षता टाकतात. आता सांगा, नट कोण आणि प्रेक्षक कोण? सगळं शहर स्टेज आहे. लग्न लागतंय ते खरं आहे का नाटक? ग्रोटोवस्कीला हेच पाहिजे होतं ना, सगळ्यांनी मिळून एक काहीतरी पवित्र करायचं? त्याला आयुष्यभर शोधावं लागलं, आपल्याकडे ते शेकडो वर्षं चालू आहे आणि आपण ते झाल्यावर होम मैदानावर पाळण्यात बसून भजी खातो.

कडक_भाकरी:
भजी खाण्याला आक्षेप का बे?

गड्ड्याचा_पाळणा:
आक्षेप नाही, मी पण खातो. 😄

ओंकारेश्वर_पूल:
गड्ड्याचा पाळणा, मुद्दा फार चांगला आहे, पण अर्धाच आहे. यात्रेत अक्षता टाकणाऱ्याची श्रद्धा असते, त्याला शंका नसते, म्हणून ते इतकं मोठं उभं राहतं. नाटकाला शंका लागते. ग्रोटोवस्की कॅथलिक देशातला, तो त्यांच्या सगळ्यात पवित्र गोष्टी घ्यायचा आणि त्यांना एकाच वेळी डोक्यावर घ्यायचा आणि त्यांची टरही उडवायचा. ‘अक्रोपोलिस’ मूळ नाटकात राजवाड्याच्या चर्चमधल्या मूर्ती रात्री जिवंत होतात आणि शेवटी ख्रिस्ताचं पुनरुत्थान होतं. याने ते सगळं छळछावणीत नेलं. कैदी एक निर्जीव बाहुला डोक्यावर घेऊन, तोच तारणहार समजून, गात गात मिरवणूक काढतात आणि भट्टीत उतरतात. म्हणजे मिरवणूक आहे, गाणं आहे, श्रद्धाही आहे, आणि बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. विधी घेऊन त्याला प्रश्न विचारला की नाटक सुरू होतं. यात्रा जशीच्या तशी शेडमधे आणली तर ती ना यात्रा राहील ना नाटक, आणि वर लोकांच्या भावना दुखावतील ते वेगळंच.

मात्र नंदीध्वज पेलणाऱ्यांच्या सरावाबद्दल तुम्ही लिहिलंत ते लाखमोलाचं आहे. नटाने जाऊन शिकावं असं काही असेल तर ते तिथे आहे. बार्बा 1963 ला केरळात कथकली बघायला गेला ते असंच काहीतरी शोधायला.

तिसरी_घंटा:
बार्बा कोण?

ओंकारेश्वर_पूल:
युजेनिओ बार्बा, इटलीचा. ग्रोटोवस्कीकडे शिकला, त्याचं पुस्तक यानेच संपादित केलं. 1964 ला ऑस्लोत ओडिन थिएटर काढलं, नाटकाच्या शाळेत प्रवेश न मिळालेली पोरं घेऊन. मग डेन्मार्कमधल्या होल्स्टेब्रो नावाच्या लहान गावाने त्यांना जागा दिली, एक जुनं शेत आणि गोठे, ते आपलं तिथेच जमले. काका, प्रवेश न मिळालेली पोरं हा भाग तुम्हाला आवडेल.

तिसरी_घंटा:
आवडला. ह्या न्यायाने आपल्या गावात पन्नास ओडिन निघतील.

बरं, मीही थोडं तुमच्या बाजूने बोलतो आता. ‘घाशीराम’ला सेट काय होता? ब्राह्मणांची रांग. ती पाठ फिरवून उभी राहिली की भिंत, फिरली की दरबार, वाकली की आणखी काही. 1972 च्या डिसेंबरात पहिला प्रयोग. दिग्दर्शक जब्बार पटेल, जे शाळेला आपल्या सोलापुरात होते आणि ज्यांनी डॉक्टरकी करत नाटक केलं. म्हणजे माणसांचा सेट करायला पोलंडला जायची गरज नाही असं मी आपलं म्हणतो. पण ती रांग नाचत होती, गात होती, आणि गोष्ट कडेपर्यंत कळत होती! माझी अट एवढीच, गोष्ट कळली पाहिजे.

विंगेतून_बोलतोय (धागाकर्ता):
काका, तुम्ही जुलूसला या फक्त. हरवलेला एक म्हातारा घरची वाट शोधत फिरतोय, याहून सोपी गोष्ट कुठली?

छबिलदास_गल्ली:
मुंबईहून. छबिलदासचं नाव कुणी काढलं नाही म्हणून आलो. दादरच्या शाळेचा हॉल, 1974 पासून ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने तिथे प्रयोग सुरू केले, अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे. घडीच्या खुर्च्या, हव्या तशा मांडायच्या. तिथे एकच गोष्ट सांगतो, जागा मिळाली म्हणून चळवळ झाली. एकेका ग्रुपचं धाडस किती दिवस पुरतं? तिथे कुणाचं ना कुणाचं काहीतरी सतत चालू असायचं, आज एकाचं कळलं नाही तर पुढच्या वेळी दुसऱ्याचं बघायला तोच माणूस परत यायचा. असा परत येणारा प्रेक्षक तयार व्हायला वेळ लागतो. तुमच्या शेडमधे एक ‘जुलूस’ करून कुलूप लावणार असाल तर स्पर्धाच बरी. दुसऱ्या ग्रुपना पण द्या जागा, शाळेच्या पोरांना द्या, तेलुगू नाटकवाल्यांना द्या.

आणि कोरडं काम: नाटकाच्या संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, शेड असली तरी. अनुवाद ज्यांचा वापराल त्यांची परवानगी लेखी घ्या. पत्र्याच्या शेडला दार एकच असेल तर दुसरं उघडून घ्या, मधल्या वाटांमधे नट पळणार आणि अंधार असणार, लोक घाबरले तर बाहेर कुठून जाणार? वायरिंग जुनं असेल, मागांच्या वेळचं, तपासून घ्या. सुताची धूळ कोपऱ्यात बसलेली असते ती लगेच पेट घेते.

पूर्वभाग:
धुळीचं बरोबर आहे. पत्र्याखालच्या कैच्यांवर (आडव्या-तिरक्या सांगाड्यावर) पण असते, खालून दिसत नाही. मी दाखवतो.

काल धागाकर्त्यांबरोबर शेडवर जाऊन आलो. तिथे कामाला होते त्या मामांना पण बोलावलं होतं. त्यांना नाटकाचं सांगितलं तर म्हणाले मिरवणूक या दारातून त्या दारात नेऊ नका, माग जसे उभे होते तशा वाटा ठेवा, दोन मागांच्या मधे एक माणूस आडवा होऊन जाईल एवढीच जागा असायची. खडूने आखून दिलं त्यांनी फरशीवर, कुठला माग कुठे होता ते. बोल्टची भोकं अजून आहेत.

ओंकारेश्वर_पूल:
अहो हे तर तुमचं सगळं आसनव्यवस्थेचं डिझाइन झालं! मागांच्या जागी प्रेक्षक बसवा, कामगारांच्या वाटांमधून जुलूस. याच्यापुढे काही करू नका, प्लीज एकही लेव्हल (स्टेजवरचा चौथरा) आणू नका.

विंगेतून_बोलतोय (धागाकर्ता):
तेच ठरलंय जवळपास. ग्रुपमधला सोफा-पक्ष अजून धुसफुसतोय, त्यांनी स्पर्धेला वेगळं नाटक करायचं म्हटलंय, करू देत, दोन्हीकडे काम करणारे पण आहेत. व्यायामाबियामाचं मी डोक्यातून काढलंय, चालणं आणि थांबणं एवढंच आधी नीट करू. त्या वाटांमधून पळताना कुणाच्या पायावर पाय न देता जायचं हीच मोठी तालीम आहे. ‘म्हातारा’ कोण करणार यावर भांडण आहे. मामांना विचारलं तर हसले नुसते, नाही म्हणाले नाहीत.

भाषेचं एक विचारायचंय. मूळ नाटकात घोषणा, जाहिराती, भजनं, बातम्या असं सगळं एकात एक मिसळतं. आपल्याकडे मोर्चात तेलुगू, कन्नड, हिंदी, मराठी सगळंच ऐकू येतं. घोषणा चारी भाषांत ठेवाव्या का? की मराठी प्रेक्षक तुटेल?

पूर्वभाग:
तुटत नाही कुणी. कन्ना चौकात उभे राहा दहा मिनिटं.

गड्ड्याचा_पाळणा:
ठेवा की बे बिनधास्त. आणि 12 जानेवारीच्या आसपास एक प्रयोग घ्या. 1931 ला त्याच तारखेला आपल्या चार हुतात्म्यांना फाशी झालं, धनशेट्टी, सारडा, शिंदे, कुर्बान हुसेन. सरकारने काही झालंच नाही म्हणून सांगणं सोलापूरला नवीन नाही, 1930 चा मार्शल लॉ आठवा.

तिसरी_घंटा:
तारीख मिळाली म्हणायची शेवटी शेडला! पण त्या दिवशी 68 लिंगांची मिरवणूक असते हो, अर्धं गाव तिकडे असणार. दोन दिवस मागेपुढे करा.

कडक_भाकरी:
जानेवारी बेस्ट. पत्रा पण गार.

सात_रस्ता:
सगळं झालं, पण तिकीट ठेवणार का चादर फिरवणार ते कुणी सांगितलंच नाही. चादर असेल तर कुठल्या कारखान्याची यावर पूर्वभागात, म्हणजे आपल्या मागवाल्यांच्या पेठांत, भांडण होईल, आधीच सांगून ठेवतो.